नातेवाइकांपलीकडचा श्रोता : एका हौशी ब्रास बँडचं प्रकरण

हे प्रकरण एका ठरावीक बँडचं नाही. हौशी ब्रास बँडांना श्रोते मिळवताना ज्या अडचणी वारंवार येतात, त्या एकाच बँडच्या वाट्याला आल्या असं धरून ते अभ्यासासाठी रचलं आहे. म्हणून बँडला नाव नाही, गावाला नाव नाही, माणसांचा उल्लेख त्यांच्या जबाबदारीने येतो आणि बँडविषयीचे आकडे उदाहरणादाखल आहेत. सोबत आलेल्या इतिहासातल्या आणि संशोधनातल्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

बँड आणि त्याच्या सवयी

हा बँड मिरवणुकीत चालत वाजवणारा नाही. अर्धवर्तुळात बसून, समोर स्टँडवर स्वरलिपी ठेवून वाजवणारा आहे. रचना ब्रिटिश धर्तीची. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा मिळून २५ पितळी वाद्यं, मागे तीन तालवादक. एकूण २८ माणसं. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी यांना इथे जागा नाही आणि नवख्याला नवल वाटेल, पण ट्रम्पेटलाही नाही. ट्रॉम्बोन सोडला तर बहुतेक वाद्यांच्या नळीचा बराचसा भाग निमुळता, कर्ण्याकडे रुंदावत जाणारा असतो. त्यामुळे सूर धारदार न होता गोलसर होतो आणि इतकी वाद्यं एकदम वाजली तरी ती एकमेकांत मिसळून जातात. ज्याने हे कधी ऐकलेलं नाही, त्याला ‘ब्रास’ म्हटलं की कानठळ्याच आठवतात. हा गैरसमज या प्रकरणात पुढे आडवा येतो. त्या वेळी मात्र तो गैरसमज नसतोच.

वादक सगळे हौशी: शिक्षक, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस, काही निवृत्त आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम, वर्षाला तीन मैफिली, एक स्पर्धा. मैफिलीचा साचा कित्येक वर्षं तोच. सुरुवातीला मार्च, मग एखादं ओव्हर्चर (ऑपेराच्या सुरुवातीला वाजवतात तशी वाद्यरचना), कॉर्नेट किंवा युफोनियमचा सोलो, एक प्रार्थनागीत, मध्यंतर, नंतर लोकप्रिय चालींची गुंफण, स्पर्धेसाठी बसवलेली अवघड रचना आणि शेवटी टाळ्या घेणारा दणदणीत तुकडा. सव्वादोन तास सहज जातात. दोन रचनांच्या मधे संचालक श्रोत्यांकडे वळून बोलतात. ते विनोदी आहेत. फक्त त्यांचे निम्मे विनोद तालमीला हजर असलेल्यांनाच कळतात.

अडचण कशी मांडली गेली

सभागृहात २५० खुर्च्या आहेत आणि मैफिलीला ९० ते १०० माणसं येतात. पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय निघाला तो ‘लोकांना कळतच नाही’ असा. त्यातून ठरलं ते ओघानेच आलं: मोठे फलक, रंगीत पत्रकं, समाजमाध्यमांवर पान, स्थानिक वर्तमानपत्रात बातमी. दोन मैफिलींना हे सगळं झालं. गर्दी किंचित वाढली आणि तिसऱ्या मैफिलीला होती तिथे आली. खजिनदारांनी छपाईचं बिल पुढे ठेवलं, तेव्हा बैठक बराच वेळ गप्प होती.

खजिनदारांनीच एक साधा हिशेब केला. २८ वादक. प्रत्येकाच्या घरची आणि ओळखीची तीन माणसं धरली तर ८४ होतात. म्हणजे जी गर्दी बँड ‘आपले श्रोते’ म्हणून मोजत होता, ती जवळजवळ पूर्णपणे या हिशेबात बसत होती. वादक वाढले की श्रोते वाढत आणि एखादा वादक गाव सोडून गेला की तीन खुर्च्या रिकाम्या होत. त्या काळात फलक किती फूट लांबीचा होता, याने काहीच फरक पडला नव्हता.

पुढच्या मैफिलीला प्रत्येक खुर्चीवर एक चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवली. प्रश्न तीनच. आमच्या मैफिलीला याआधी आला होतात का? बँडमधलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का? आजच्या मैफिलीची बातमी कुठून कळली? हा सल्ला कोणत्याही बँडने डोळे झाकून घ्यावा. चिठ्ठी लहान हवी, पेन्सिल सोबत हवी आणि ती मध्यंतराआधी गोळा करायला हवी. नंतर लोक निघायच्या घाईत असतात.

उत्तरं हिशेबाला धरूनच होती. बहुतेकांच्या ओळखीचं कोणीतरी मंचावर होतं. फलक पाहून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरी कामाची माहिती निघाली ती ‘कोणी ओळखीचं नाही’ असं लिहिणाऱ्या थोड्या चिठ्ठ्यांतून. त्यांतल्या बऱ्याच जणांनी बँडला आधी कुठेतरी उघड्यावर, बागेत किंवा बाजारात, योगायोगाने ऐकलं होतं.

फलक कोणावर काम करतो

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २००१ मध्ये कलेतल्या सहभागाविषयी एक मांडणी केली. तिच्यात लोकांचे तीन गट आहेत: ज्यांना यायची इच्छाच नाही, ज्यांना इच्छा आहे पण येत नाहीत आणि जे येतातच. या तिघांना अडवणाऱ्या गोष्टीही वेगळ्या असतात. पहिल्या गटाला अडवतो तो समज: ‘हे माझ्यासारख्यांसाठी नाही.’ दुसऱ्याला व्यवहार अडवतो: वेळ, जागा, तिकीट, माहिती. तिसरा परत येईल की नाही हे त्याला आलेल्या अनुभवावर ठरतं.

या बँडचे फलक दुसऱ्या गटासाठी होते. ब्रास बँड ऐकायची इच्छा आहे आणि केवळ तारीख माहीत नाही, अशी माणसं त्या गावात असतीलच. पण ती फार नव्हती आणि जी होती ती आधीच आलेली होती. उरलेलं गाव पहिल्या गटात होतं. ब्रास बँडला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता, आणि अशा माणसाला तारीख कळवून काय होणार?

दुसरी एक पाहणी मला याहून महत्त्वाची वाटते. ऑलिव्हर वायमन या सल्लागार कंपनीने २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या नऊ मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रांच्या तिकीटविक्रीचा अभ्यास केला. त्यात दिसलं की पहिल्यांदा येणाऱ्या श्रोत्यांपैकी दहातले नऊ पुन्हा येतच नव्हते. म्हणजे नवे श्रोते आणण्यात ऑर्केस्ट्रा कमी पडत नव्हते. आलेले टिकवण्यात पडत होते. लोक परत का येत नाहीत याचा शोध घेतला, तर कारणांत वरच्या क्रमांकावर निघाली पार्किंगची सोय. संगीत, वादक, संचालक हे सगळं त्याच्या खाली.

मोठ्या व्यावसायिक ऑर्केस्ट्राचे निष्कर्ष छोट्या हौशी बँडला जसेच्या तसे लागू होतात असं नाही. पण प्रश्न लागू होतो. बँडच्या सेक्रेटरींना विचारलं, ‘मागच्या मैफिलीला पहिल्यांदा आलेल्यांपैकी या वेळी किती आले?’ त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण आलेल्या एकाही अनोळखी माणसाचं नाव किंवा संपर्क कोणी कधी घेतला नव्हता. दारात तिकीट फाडलं की बँडचा त्या माणसाशी संबंध संपत होता.

कार्यक्रम बदलायचा की नाही

बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘वाजवायचं काय’ यावर. तालवादकांपैकी कॉलेजातल्या मुलाचं म्हणणं, चित्रपटसंगीत आणि आजची गाणी घ्या, तरुण आपोआप येतील. संचालकांचं म्हणणं, गाणी ऐकायला लोकांकडे मूळ ध्वनिमुद्रण आहे, ते आपल्याकडे का येतील?

‘सर, एकदा करून तर बघू.’

‘करू. पण नंतर त्यातले किती राहिले तेही बघू.’

चित्रपटसंगीताची मैफल झाली. तिकिटं नेहमीपेक्षा बरीच जास्त गेली आणि पुढच्या साध्या मैफिलीला त्यातले जवळपास कोणीच आले नाहीत. तालवादकाचं म्हणणं खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. लोक आलेच होते. ते त्या चालींसाठी आले होते. बँडशी त्यांची गाठ पडलीच नाही, कारण पूर्ण संध्याकाळभर बँडने स्वतःविषयी काही सांगितलं नाही. कोणतं वाद्य काय करतं, चाल कॉर्नेटवरून युफोनियमवर कधी गेली, हे कोणी दाखवलं नाही. आणखी एक गोष्ट हौशी बँड विसरतात: लोकप्रिय गाण्यांची बँडच्या वाद्यांसाठीची मांडणी स्वतः लिहून वाजवायची तर हक्कधारकाची परवानगी लागते. छापील मांडणी विकत घेणं सोपं पडतं, पण मग बाजारात जे मिळतं तेच वाजतं.

इतिहासात याची दोन ठळक उदाहरणं आहेत आणि दोन्ही वेगळं शिकवतात. १९७७ मध्ये ब्रिटनच्या ब्रिगहाउस अँड रास्ट्रिक बँडची ‘द फ्लोरल डान्स’ ही ध्वनिमुद्रिका तिथल्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. एका ब्रास बँडने पॉप गायकांच्या रांगेत जाऊन बसावं, ही गोष्ट मोठीच. पण ध्वनिमुद्रिका विकत घेणारा आपल्या गावच्या बँडच्या मैफिलीला जाईलच असं नसतं. ते दोन वेगळे निर्णय आहेत.

दुसरं उदाहरण १९९७ चं. जेरेमी डेलर या दृश्यकलाकाराने विल्यम्स फेअरी बँडकडून अ‍ॅसिड हाउस प्रकारातलं नृत्यसंगीत वाजवून घेतलं. यंत्रांवर तयार झालेलं, क्लबमध्ये नाचायचं संगीत. आणि ते वाजवणारी कारखान्याच्या परंपरेतली मंडळी. डेलरने एका आकृतीत हे दोन्ही प्रकार बाणांनी एकमेकांना जोडून दाखवले: उद्योगांची गावं, कामगार, संप, सामूहिक जल्लोष. तालवादकाने बैठकीत हेच उदाहरण दिलं, ‘बघा, नवं वाजवलं की चालतं.’ मला वाटतं त्याच्या हातून मुख्य मुद्दा निसटला. तिथे बँडने स्वतःला हलकं केलं नव्हतं. स्पर्धेतली रचना वाजवावी त्याच शिस्तीने तो ते वाजवत होता. शिवाय तो दुसऱ्यांच्या श्रोत्यांसमोर जाऊन वाजवत होता. ते आपल्याकडे येतील म्हणून वाट बघत बसला नव्हता.

लोक जिथे आधीच आहेत

ही गोष्ट नवी नाही. ब्रास बँडांच्या स्पर्धांचं मूळ सांगताना १८५३ हे साल येतं. त्या वर्षी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात मोठी स्पर्धा भरली, तेव्हा आठ बँड आले आणि मॉस्लीचा सॅक्सहॉर्न बँड जिंकला. बेल व्ह्यू हे प्राणिसंग्रहालय आणि करमणुकीचं उद्यान होतं. लोक सुट्टीचा दिवस घालवायला येत होते आणि त्या दिवसात बँडही होते. पुढे १८६० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्धा भरवणाऱ्या एंडरबी जॅक्सन यांनी स्वस्त रेल्वे सहलींचा पुरेपूर उपयोग करून घेतला. रेल्वे नवी होती, कामगारांच्या हातात थोडी सुट्टी आली होती आणि बँड हे सहलीचं निमित्त झालं. संगीत आवडतं म्हणून सगळे गाडीत चढले असतील, असं समजायचं कारण नाही.

व्हिट फ्रायडेच्या, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारच्या, स्पर्धांमध्ये आजही हे दिसतं. इंग्लंडमधल्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावांमध्ये एका संध्याकाळी बँड एका गावातून दुसऱ्या गावात जातात, रस्त्यावरून वाजवत चालतात आणि मग ठरलेल्या जागी उभं राहून एक मार्च वाजवतात. परीक्षक बंद कॅरॅव्हॅनमध्ये बसलेले असतात, म्हणजे कोणता बँड वाजवतोय ते त्यांना दिसत नाही. रस्त्याकडेला उभ्या माणसाला गुणांशी देणंघेणं नसतं. एक मार्च ऐकायचा, पुढचा बँड येईपर्यंत गप्पा मारायच्या.

आपल्या प्रकरणातला बँडही वर्षातून काही वेळा बाजारातल्या चौकात आणि बागेत वाजवत होता. चिठ्ठ्यांवरून कळलं की अनोळखी श्रोते तिथूनच येतात. तरी तिथे वाजवण्याकडे सगळे उपकार केल्यासारखं बघत. सेक्रेटरींनी एकदा वाद्य बाजूला ठेवून, गर्दीत उभं राहून फक्त निरीक्षण केलं. त्यांना जे दिसलं ते मंचावरून कधीच दिसलं नसतं.

शेवटची रचना संपली की लोक टाळ्या वाजवतात. काही जण एक-दोन पावलं पुढे येतात. एखादं मूल ट्यूबाच्या कर्ण्यात डोकावायला बघतं. नेमक्या त्या क्षणी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वादक श्रोत्यांकडे पाठ करतात: वाद्यातलं पाणी काढायचं, माउथपीस पुसायचा, पेटी बंद करायची, स्टँड घडी करायचा, गाडी गाठायची. दोन-तीन मिनिटांत पुढे आलेली माणसं परत फिरतात. बँडला वर्षभरात अनोळखी माणूस जितका जवळ येतो, तितका तो इथे आलेला असतो आणि त्याला कोणी हाकही मारत नाही.

उपाय इतका साधा होता की बैठकीत कोणी त्यावर वादही घातला नाही. प्रत्येक उघड्या कार्यक्रमानंतर चार वादकांनी दहा मिनिटं आवराआवर करायची नाही. वाद्य हातात धरून पुढच्या रांगेजवळ उभं राहायचं. कोणी विचारलं तर दाखवायचं; मूल असेल तर व्हॉल्व्ह (सूर बदलायची कळ) दाबू द्यायचा. हातात पुढच्या मैफिलीची छोटी पत्रिका, तिच्यावर वादकाने स्वतः लिहिलेलं नाव: ‘मी दुसऱ्या रांगेत डावीकडे बसते, टेनर हॉर्न.’ चौकात वाजवलेल्या रचनांपैकी दोन त्या मैफिलीतही असतील, हे संचालकांनी पाळायचं, म्हणजे आलेल्याला ओळखीचं काही सापडेल. या एका बदलाने, माझ्या मते, फलकांच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त काम केलं.

शाळा, आणि निघून जाणारे पालक

जवळच्या शाळेशी भागीदारी हा दुसरा मार्ग. सुरुवातीला कल्पना ढोबळ होती: मुलं येतील, एक गाणं म्हणतील, पालक तिकीट काढतील. पहिल्या वेळी सभागृह भरलं. मुलांचा कार्यक्रम पूर्वार्धात होता. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हे इतक्या बँडांच्या आणि गायनवृंदांच्या बाबतीत घडतं की त्याचं आता आश्चर्य वाटू नये, तरी दर वेळी वाटतं.

संचालकांनी त्यावर जे केलं ते या प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम आहे. त्यांनी मुलांना पाहुणे ठेवलं नाही. ब्रास बँडची एक सोय अशी की बास ट्रॉम्बोन सोडला तर सगळ्या पितळी वाद्यांची स्वरलिपी एकाच, ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कोणत्या ओळीवर कोणता स्वर हे ठरवणारं चिन्ह) लिहितात आणि व्हॉल्व्हच्या वाद्यांवर लिहिलेल्या स्वराला बोटं जवळपास सारखीच पडतात. कॉर्नेटवर शिकलेला माणूस म्हणूनच फार त्रास न होता टेनर हॉर्नवर किंवा ट्यूबावर जाऊ शकतो. वेगळे करावे लागतात ते ओठ आणि श्वास. याचा फायदा घेऊन त्यांनी पाचच स्वरांची एक साथ लिहिली. मुलांनी काही महिन्यांत ती शिकायची आणि मैफिलीत बँडच्या वादकाशेजारी बसून वाजवायची, एकदा कार्यक्रमाच्या मध्ये आणि एकदा शेवटच्या रचनेत. आता पालकांना शेवटपर्यंत थांबणं भाग होतं. पण त्याहून जास्त मोलाचं असं की आपलं मूल ज्या आवाजाच्या आत बसलंय तो आवाज ते लक्ष देऊन ऐकू लागले.

यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. दोन-तीन पालकांनी विचारलं, आम्हाला शिकता येईल का? बँडने प्रौढांचा नवशिक्यांचा वर्ग सुरू केला. जुनी कॉर्नेट कपाटात पडून होतीच. या वर्गातले सगळेच बँडमध्ये येणार नाहीत, येऊही नयेत. पण स्वतः आठ मापं (स्वरलिपीतले तालाचे छोटे खंड) वाजवताना ज्याची दमछाक झाली आहे, तो युफोनियमचा सोलो वेगळ्या कानांनी ऐकतो. आणि खजिनदारांच्या हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक नवशिका घरची तीन माणसं घेऊनच येतो.

संध्याकाळचा आकार

सव्वादोन तासांची मैफल सत्तर मिनिटांवर आणली. मध्यंतर काढलं. वेळ शनिवारी रात्रीऐवजी रविवारी दुपारी. लहान मुलं असलेल्यांना आणि रात्री गाडी चालवायला नको वाटणाऱ्या वयस्करांना, दोघांनाही तीच सोयीची ठरली.

निवेदनाचं काम संचालकांकडून काढून घेतलं. हे बैठकीत सांगणं अवघड होतं. सेक्रेटरींनी ते एकांतात सांगितलं. त्याऐवजी प्रत्येक रचनेआधी तिच्यात महत्त्वाचा भाग असलेला वादक उभा राहून अर्धा मिनिट बोलतो आणि दोन ओळी वाजवून दाखवतो. ‘ही चाल आधी माझ्याकडे आहे. मग ती तिकडे ट्यूबांकडे जाते, तेव्हा ती ओळखता येते का बघा.’ श्रोत्यांना एवढं पुरतं.

आता आवाजाचा मुद्दा. चिठ्ठ्यांवर दोन वेळा ‘फार मोठा आवाज’ असं आलं होतं. बँडने ते गैरसमजात जमा केलं, कारण असं नवखे नेहमी म्हणतात. पण छत कमी उंचीचं, भिंती कडक, मागे तालवाद्यं आणि पहिली रांग ट्रॉम्बोनपासून काही पावलांवर. नवखा माणूस लवकर येतो, पुढे बसतो आणि त्याला बँड जसा ऐकू यायला हवा तसा तो येतच नाही. जुने श्रोते मागे बसतात, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या तीन रांगा काढल्या, ट्रॉम्बोन थोडे तिरके बसवले, मागच्या भिंतीवर जाड पडदा लावला. बदल वादकांनाही जाणवला. त्यांना एकमेकांचं जास्त ऐकू येऊ लागलं.

आणि संपर्क. तिकिटासोबत नाव आणि फोन घ्यायला सुरुवात झाली, ज्यांना द्यायचा असेल त्यांचाच. पहिल्यांदा आलेल्याला आठवड्याच्या आत एक निरोप जातो, छापील साच्यातला नाही; ज्या वादकाशी त्याचं बोलणं झालं त्याच्याकडून. पुढच्या मैफिलीचं एक जादा तिकीट त्याला सोबत आणायच्या माणसासाठी मिळतं. पहिलं तिकीट फुकट देण्यापेक्षा दुसऱ्याला सूट देणं जास्त शहाणपणाचं, असं खजिनदारांचं मत झालं आणि ते पटण्यासारखं आहे. फुकट म्हणून आलेला माणूस आला तसा जातो. दुसऱ्यांदा यायचं ठरवणाऱ्याने बँडविषयी स्वतः काही ठरवलेलं असतं.

तक्रारी

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. जुन्या श्रोत्यांना मध्यंतर हवं होतं. त्यांच्यासाठी मैफल म्हणजे अर्धी भेटगाठ होती आणि ती काढून घेताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दोन कुटुंबांनी यायचं बंद केलं. मग मैफिलीनंतर सभागृह तासभर उघडं ठेवायला सुरुवात झाली. वाद्यं टेबलांवर मांडलेली, ज्याला हात लावून बघायचं त्याने बघावं, बाकीच्यांनी गप्पा माराव्यात. त्या तासात नवे आणि जुने एकत्र येतात. तरीही ती दोन कुटुंबं परतलेली नाहीत.

मोठी तक्रार आतली होती आणि ती रास्त होती. बँडच्या तालमीचा बराच वेळ स्पर्धेच्या रचनेवर जातो. स्पर्धेत परीक्षक पडद्याआड बसतात, हातात रचनेची स्वरलिपी घेऊन एकेका सुराची शुद्धता तपासतात आणि सभागृहात बसलेले बहुतेक लोक दुसऱ्या बँडांचे वादक असतात. या वातावरणात वाढलेला वादक नकळत एकाच श्रोत्यासाठी वाजवायला शिकतो, जो त्याला बघत नाही आणि टाळ्याही वाजवत नाही. त्यातून कौशल्य येतं, हे नाकारता येणार नाही. हौशी माणसं इतकं अवघड संगीत वाजवतात ते स्पर्धांमुळेच. पण शाळेची तालीम, चौकातले कार्यक्रम, नवशिक्यांचा वर्ग हे सगळं त्याच दोन संध्याकाळींतून काढावं लागलं. त्या वर्षी स्पर्धेतला क्रमांक घसरला. मुख्य कॉर्नेटवादकाने बैठकीत विचारलं, ‘आपण बँड आहोत की वर्ग चालवणारी संस्था?’ त्यांनी ते चिडून विचारलं होतं, तरी प्रश्न खरा होता. खजिनदारांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला तो आकड्यांत आणि तो चुकीच्या भाषेतला होता, कारण कॉर्नेटवादक आकड्यांविषयी बोलतच नव्हते.

एक तोड तात्पुरती निघाली. स्पर्धेची रचना मैफिलीतून काढायची नाही, उलट तिची तालीमच एकदा खुली ठेवायची. श्रोते बँडच्या मधोमध, वादकांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात. संचालक एका अवघड जागी थांबतात, तीच चार मापं पुन्हा पुन्हा घेतात आणि ती हळूहळू जमत जातात. चाळीसेक माणसं आली. बरीच शाळेतल्या मुलांचे पालक होती. मुख्य कॉर्नेटवादक त्या दिवशी बरेच बोलले, मुख्यतः श्वास कुठे चोरायचा याविषयी.

सध्याची स्थिती

सभागृह भरत नाही. रविवारच्या मैफिलीला आधीपेक्षा साधारण दीडपट माणसं असतात आणि चिठ्ठीवर ‘ओळखीचं कोणी नाही’ लिहिणाऱ्यांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं आहे. नेमकी किती वाढ कशामुळे झाली, हे वेगळं काढता येत नाही, कारण वेळ, लांबी, शाळा आणि चौक हे सगळं एकाच वर्षात बदललं. पुन्हा करायचं झालं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी, असं सेक्रेटरी म्हणतात. पण मग बदल व्हायला पाच वर्षं लागली असती, असं तालवादक म्हणतो. दोघांचंही बरोबर आहे.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. स्पर्धेच्या आधीचे सहा आठवडे शाळेची तालीम बंद ठेवावी, असा मुख्य कॉर्नेटवादकांचा प्रस्ताव आहे. शाळेच्या वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास येतात, त्यामुळे तो मान्य व्हायला हरकत नसावी. शनिवारची एक रात्रीची मैफल जुन्या पद्धतीने, मध्यंतरासह परत सुरू करावी का, यावर मतं सारखी विभागली गेली आहेत. संचालकांनी निर्णयाआधी एकच आकडा मागितला आहे: गेल्या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी तिसऱ्यांदा किती आले. सेक्रेटरी आता तो काढू शकतात. यादी त्यांच्याकडे आहे.